देठाशी

एकतीस वर्षं मी बादल्या सांभाळल्या
धुळ्याच्या मेडिकलला, शरीरशास्त्राच्या हॉलात.
बादलीत फॉर्मलिन, फॉर्मलिनमध्ये उलटा टांगलेला मेंदू,
देठाशी सुतळी,
सुतळीला पत्र्याचा नंबर. नंबर मीच बांधायचो.
डोळ्यांना धार लागायची.
पोरांना वाटायचं, उखर्डूमामा हळवा आहे.

पोरं वरच्या वळ्यांवर तुटून पडायची.
इथं भाषा, इथं हिशेब, इथं आईचा चेहरा,
रंगीत खडूंनी फळा भरायचा.
देठाचं कुणी विचारत नसे. अंगठ्याएवढा तर तो.
फक्त नेवे मॅडम त्याच्यात आडवी सुरी घालायच्या
आणि म्हणायच्या, "मामा, दिवा जवळ घ्या."

कापाच्या दोन अंगांना दोन ठिपके,
शाई पुसल्यावर बोटाला राहते तसे निळे.
"सगळ्या गावाला जाग हाच आणतो," त्या म्हणायच्या.
तांदळाच्या दाण्याएवढा ऐवज!
तरण्यांत फिका, साठीच्या आसपास गडद,
आणि काही म्हाताऱ्यांत दिवा कितीही जवळ घ्या,
सापडायचाच नाही.
मी विचारलं एकदा, पुसला की काय होतं?
हातमोजे ओढत त्या म्हणाल्या,
"बहुतेक आधी झोप मोडते. मग नावं."

आमच्या कोकिळाची झोप मोडली
मागच्या वर्षी कापूस घरात आला तेव्हा.
रात्री तीनला उठते, दाराची कडी चाचपते.
"जागी शेस का?"
"हाव. कोन बलाई राह्यना मले?"
कोणी नाही. गुरख्याची शिट्टी, तीही लांबची.
मग दिवसा बसल्या बसल्या मान पडते.
मग लेकीचं नाव सुनेला, सुनेचं बहिणीला,
बहीण तर बोरकुंडला कधीच गेली.

पौषात भरिताची वांगी भाजायला घेतली
कपाशीच्या काड्यांवर.
देठ काढायचा नाही, हे लग्नानंतर तिनंच शिकवलं मला.
साल जळते, आतलं सगळं गळून मऊ होतं,
हातात शेवटपर्यंत देठच.
जाळाकडं बघत तिनं विचारलं, "हाई काय शे?"
आणि विचारता विचारता
वांगं देठाला धरून
नेमक्या वेळी फिरवलं.

मी नेवे मॅडमना फोन लावला. त्या आता नाशिकला असतात.
काही गोळी, काही इंजेक्शन?
बराच वेळ फक्त त्यांच्याकडचा पंखा ऐकू आला.
"डॉक्टरांना दाखवताच आहात. मी काय सांगू, मामा.
तो ठिपका नव्या गोष्टीला दचकतो,
एवढं मला खात्रीनं माहीत आहे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी वेगळी गल्ली.
बरं, आपल्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत,
नावं असती तर हरवली असती.
सोमवारी दोन, मंगळवारी पाच.
पाचमध्ये एकानं बदक पाळलंय,
ते माझ्याच धोतराला चोच मारतं. ती हसते.
दुसऱ्यांदा नेलं तेव्हा नाही हसली.
म्हणून पाच बंद.

काल पांझरेच्या पुलावर उभे होतो.
पायाखालून टिटवी ओरडत सुटली.
कोकिळा ताठ झाली. डोळ्यांवरची साय फाटावी तशी
माझ्याकडं बघून म्हणाली,
"उखर्डू, टिटवी शे ना ती?"

चव्वेचाळीस वर्षांत तिनं माझं नाव घेतलं नव्हतं,
उखाण्यातसुद्धा अर्धंच, तेही पदर तोंडात धरून.
ती रीत विसरली
की जागी झाली, मला ठरवता येईना.
मी म्हणालो, "हाव, टिटवीच."

रात्री ती डोळे मिटते तेव्हा
मानेमागं केसांखालच्या खळग्यात तळवा ठेवतो.
हाडाच्या पलीकडं, दोन-तीन बोटांवर, तो असेल
किंवा नसेल.
शेकड्यांनी नंबर बांधले या हातांनी.

उद्या सात नंबरला जाऊ.
सातमध्ये काय आहे,
मलाही माहीत नाही.